सरसकट चाचणी की आधी प्रश्नावली?

अमेरिकेत सरकारी अर्थसाहाय्य मागणाऱ्यांची अमली पदार्थांसाठी चाचणी घेण्याच्या दोन पद्धती दिसतात. फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये ती सरसकट सक्तीची केली. खर्च अर्जदाराने, म्हणजे ज्याचा खिसा आधीच रिकामा आहे त्याने, पदरचा करायचा आणि अंश आढळला नाही तरच तो परत मिळायचा. चार हजारांहून अधिक अर्जदारांपैकी जेमतेम १०८ जण त्यात सापडले, आणि काही महिन्यांतच न्यायालयाने, अशी चाचणी म्हणजे झडतीच आणि ती संशयाविना घेणे राज्यघटनेत बसत नाही म्हणून, ही सक्ती रोखली. युटा राज्याने २०१२ पासून आधी लेखी प्रश्नावली ठेवली, व्यसनाची दाट शक्यता दिसली तरच चाचणी घेतली आणि अंश आढळल्यास उपचारांच्या अटीवर मदत चालू ठेवली. प्रश्नावलीत खोटे उत्तर देता येते, हे खरे. तरीही युटाची पद्धत मला कमी अन्यायकारक वाटते.