स्लीव्हनंतर वजन अडकलं की हे ‘पाऊच रिसेट’वाले गाठतात, ठाणेकरांनो सावध राहा

बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करायची जठराची सर्जरी) झालेल्या आणि करायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय, खास करून ठाणे, कळवा, घोडबंदर साईडच्या लोकांसाठी. मोठं झालंय पण पूर्ण वाचा, कारण या लोकांना आपण शोधत जात नाही, तेच आपल्याला हुडकून काढतात.

माझी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढायची सर्जरी) झाली तेव्हा वजन ११८ किलो होतं. सुरुवातीचे महिने धडाधड उतरलं, जुने ड्रेस आल्टर करून करून टेलर वैतागला, आणि मग ९१ वर येऊन जे बसलं ते हलेचना. कधी ९०.८, कधी ९१.४, बस. त्यात केस मूठमूठ गळत होते (हे सर्जरीनंतर बऱ्याच जणांचं होतं, काही महिन्यांनी परत येतात, पण तेव्हा जीव घाबरा होतोच). घरचे काही बोलत नव्हते, पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कोण थांबवणार, "एवढं ऑपरेशन करून एवढंच का गं?"

सर्जरी झालेल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात मी विचारलं की कोणाचं वजन असं थांबलंय का. दोनचार जणांनी "होतं असं, प्रोटीन बघ" म्हणून लिहिलं, आणि थोड्याच वेळात एकीचा पर्सनलवर मेसेज, "ताई माझं पण सेम झालेलं, स्लीव्ह होऊन दीड वर्ष झालं, मग एका ठिकाणी पाऊच रिसेट केलं आणि पंधरा दिवसांत सहा किलो गेलं". सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो. नंतर कळलं की ग्रुपमधल्या अजून तिघींना हाच मेसेज हाच फोटो गेलेला, फक्त एकीला तिने स्वतःची बायपास (वजनाचीच दुसऱ्या प्रकारची सर्जरी) झालीय असं सांगितलेलं!!

सेंटर घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. आत एसी, पांढरा कोट घातलेली मॅडम, भिंतीवर "१५ दिवसांत ७ किलो, गॅरंटीड". मी ऑफिसमधून थेट गेलेले, संध्याकाळची वेळ, जीन्स, गळ्यात आयकार्ड. बसल्या बसल्या मोठा ग्लासभर "डिटॉक्स वॉटर" दिलं, ते संपेपर्यंत मॅडम गोड बोलत होत्या, आणि मग लगेच बॉडी कॉम्पोझिशनच्या मशीनवर उभं केलं. प्रिंटआऊट आला, वजन ९२.९, फॅट ४६ टक्के. मॅडमने मान हलवली. मग झोपवून पोटावर जेल लावून एक हातातलं मशीन फिरवलं, स्क्रीनवर काळंपांढरं काहीतरी दिसलं, आणि निदान सांगितलं की तुमचा पाऊच ताणला गेलाय, असंच राहिलं तर सगळं वजन परत येणार.

आता हे नीट वाचा. पाऊच, म्हणजे जठराची वरची छोटी पिशवी, हा बायपासमध्ये असतो. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. स्लीव्हवालीला कोणी "पाऊच" म्हणून निदान देत असेल तर तिथेच समजायचं काय ते. आणि ती नळी खरंच रुंद झालीय का हे बघायला बेरियम गिळून काढलेले एक्सरे, एंडोस्कोपी किंवा सीटी लागतो, तोही तुमचा सर्जन सांगेल तेव्हा. जेल लावून मशीन फिरवून ते ठरत नाही.

पॅकेज ४८ हजारांचं. माझ्याकडे एवढे आत्ता नाहीत म्हटल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने टॅब पुढे केला, "मॅम नो कॉस्ट ईएमआय आहे, फक्त रजिस्ट्रेशन करून ठेवू, आवडलं नाही तर कॅन्सल". आधार पॅनचे फोटो, सेल्फी, एक ओटीपी, मग दुसरा ओटीपी. दोन्ही वेळा "रजिस्ट्रेशनचा आहे" असंच सांगितलं. रिक्षात बसले आणि मेसेज आला की तुमचं कर्ज मंजूर होऊन रक्कम मर्चंटला दिली आहे, हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला. म्हणजे दुसरा ओटीपी ऑटो डेबिटचा होता. रिक्षातूनच फोन लावला तर उत्तर, "मॅम तो सिस्टीमचा मेसेज असतो, इग्नोर करा".

मग पावडरची पाकिटं. पाच दिवस फक्त लिक्विड आणि सकाळ संध्याकाळ पाणी घालून ही पावडर. दुसऱ्या दिवसापासून पोटात मुरडा आणि जुलाब, इतके की ऑफिसला दांडी. मॅडम म्हणे टॉक्सिन्स निघतायत, चांगली साईन आहे. काट्यावर अडीच किलो कमी दिसले हे खरं, पण जिना चढताना डोळ्यापुढे अंधारी. शेवटी सासूबाईंनी पाकीट नाकाला लावलं आणि म्हणाल्या, "अगं ही सोनामुखी आहे, जुलाबाची, आमच्या वेळी रात्री घेऊन झोपायचे". पाकिटावर ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना लायसन्स नंबर, फक्त चमकदार स्टिकर आणि हिरवं पान.

नवऱ्याने गाडीत घालून थेट सर्जनकडे नेलं. डिहायड्रेशन, पोटॅशियम कमी, सलाईन लावावं लागलं. स्लीव्हवाल्यांना एका वेळी घोट घोटच पाणी जातं, त्यामुळे जुलाबात गेलेलं पाणी भरून काढणं आपल्याला इतरांपेक्षा जड जातं, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. ते असंही म्हणाले की नशीब फक्त सोनामुखी होती, वजनाच्या असल्या "हर्बल" पावडरींमध्ये सिब्युट्रामीन मिसळलेलं सापडतं. हे भूक मारणारं औषध, बीपी आणि हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ साली बंद झालं.

घरी आल्यावर मी दोन्ही प्रिंटआऊट शेजारी शेजारी ठेवले, कारण मधल्या काळात दुसरं मोजमाप झालेलं, सकाळी, उपाशीपोटी, हलक्या कपड्यात. फॅट ४६ वरून थेट ४१!! मला आधी वाटलं चला काहीतरी तर झालं. मग वरच्या कोपऱ्यात बघितलं. पहिल्या कागदावर माझी उंची १५४ सेंमी, दुसऱ्यावर १६१. मी १५८ आहे. ही मशीन शरीरातून बारीक करंट सोडून त्याला किती अडथळा होतो ते मोजतात आणि फॅटचा आकडा उंची, वय, वजन धरून हिशोबाने काढतात, म्हणजे उंची वाढवली की बसल्या जागी फॅट कमी. वर पाणी प्यायलं, जेवलं, जुलाब झाले तरी आकडा हलतो. आधी पाणी पाजून संध्याकाळी मोजायचं आणि मग कोरडं करून सकाळी मोजायचं, धंदा सगळा एवढाच. तुमच्याकडे असे कागद असतील तर आधी उंची बघा.

आता ज्या गोष्टीवर हे सगळे पोट भरतात ते अडकलेलं वजन. माझ्या डायटिशियनने जे सांगितलं ते मला आधी कोणी धरून बसवून सांगायला हवं होतं. सुरुवातीला जे भराभर उतरतं त्यात बरंच पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेचा साठा) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं आणि ते साठे संपले की पाणीही जातं. बऱ्याच जणांचं म्हणूनच तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पहिल्यांदा वजन थांबतं. पुढचं कारण वेगळं. ११८ किलोचं शरीर चालवायला जेवढी एनर्जी लागायची तेवढी ९१ ला लागत नाही, वर कमी खाण्याची सवय झाल्यावर शरीर खर्च अजून आखडता घेतं. त्यामुळे मध्ये मध्ये आठवडेच्या आठवडे काटा हलत नाही, आणि एकूण उतार बहुतेकांचा वर्ष ते दीड वर्षापर्यंत चालतो. हा आजार नाही, त्यामुळे त्यावर पॅकेज पण नाही.

बघायच्या गोष्टी साध्या आहेत. प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, माझं मोजलं तर ४० सुद्धा होत नव्हतं. पाणी दीड दोन लिटर, पण जेवताना नाही. चहाबरोबरची खारी आणि टोस्ट बंद, कारण हे मऊ होऊन सटकन खाली उतरतं, पोट भरल्यासारखं वाटतच नाही आणि कॅलरी मात्र जमा. नुसतं चालण्याऐवजी थोडा वजनाचा व्यायाम, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. थायरॉईड, बी१२, आयर्न, व्हिटॅमिन डी तपासून घ्या. आणि काट्यावर रोज नाही, आठवड्यातून एकदा, सोबत कंबरेची टेप. माझी कंबर ९१ किलोवर अडकलेल्या त्या काळात सुद्धा कमी झालेली होती, हे मी नंतर ब्लाउजच्या मापावरून काढलं. हल्लीच्या त्या वजनाच्या इंजेक्शनबद्दल ग्रुपवर फार चर्चा असते, ते घ्यायचंच तर सर्जनला विचारून, प्रिस्क्रिप्शनवर, मेडिकलमधून बिलासकट, कुणा ताईच्या ओळखीने कुरिअरने नाही.

पैशाचं सांगते. ऑनलाईन कर्ज असेल तर आरबीआयच्या नियमाप्रमाणे सुरुवातीला कूलिंग ऑफ पिरीयड द्यावा लागतो, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न देता बाहेर पडता येतं. तो बऱ्याचदा फार छोटा असतो म्हणून मेसेज आल्या आल्या कर्ज देणाऱ्या कंपनीला मेल टाका. सेंटरवाल्यांना फोन करत बसू नका, ते तुम्हाला "सोमवारी मॅनेजर येतील"वर झुलवत ठेवतात आणि तोवर मुदत निघून जाते. माझी मुदत अशीच घालवली त्यांनी. कर्ज कंपनीने ३० दिवसांत नीट उत्तर दिलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, चौकशीसाठी नंबर १४४४८. रागाने हप्ता बाउन्स करू नका, सिबिल तुमचं खराब होतं, सेंटरला काही होत नाही.

पावडरीची तक्रार एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन), पाकीट आणि उरलेली पावडर फेकू नका. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, त्यामुळे भिंतीवरच्या त्या "गॅरंटीड"चा फोटो सुद्धा कामाचा. ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही लागत नाही, मी स्वतः फॉर्म भरला. कोट घातलेल्या मॅडमचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागितला तेव्हा त्यांनी मी "वेलनेस कन्सल्टंट" आहे असं लेखी दिलं, ते मी तक्रारीला जोडलंय.

सेंटरने आतापर्यंत निम्मे पैसे परत केलेत, तेही तक्रारीची पोचपावती व्हॉट्सअ‍ॅप केल्यावर. बाकीचं आयोगात. ती मेसेजवाली मात्र अजून फिरतेय, परवा ऐरोलीच्या एकीने मला तिचा स्क्रीनशॉट पाठवला, नाव वेगळं, फोटो तोच. तिच्या चॅटमध्ये २४ तासांत मेसेज गायब व्हायचं सेटिंग चालू असतं, त्यामुळे मेसेज आला तर आधी नंबरासकट स्क्रीनशॉट काढा, मग ग्रुप अ‍ॅडमिनला पाठवा आणि मगच ब्लॉक करा.