भरदार ओठांसाठी काय निवडावे : तुपापासून फिलरपर्यंत

ओठ भरदार आणि निरोगी दिसावेत यासाठी नागपुरात आज उपलब्ध असलेल्या पर्यायांच्या एका टोकाला शंभर रुपयांच्या आत मिळणारी पेट्रोलियम जेलीची लहान डबी आहे, तर दुसऱ्या टोकाला धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत मिळणारे, साधारण १५ ते ३० हजार रुपयांचे फिलर, म्हणजे ओठांत भर घालण्यासाठी सुईने टोचला जाणारा पदार्थ, आहे. या पर्यायांची तुलना बहुधा 'ओठ किती मोठे दिसतील' एवढ्याच मापाने केली जाते. निर्णय घेणाऱ्याने मात्र परिणाम किती काळ टिकतो, वर्षाकाठी किती खर्च येतो आणि पसंत न पडल्यास मागे फिरता येते का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत असे मला वाटते. त्यातही शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देईन, कारण पैसे पुन्हा मिळवता येतात, चेहरा मात्र रोज आरशात पाहावा लागतो.

या तिन्ही प्रश्नांच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. ओठ मुळातच पातळ आहेत की कोरडे पडल्यामुळे तसे दिसतात? ओठांच्या लालसर भागाची त्वचा चेहऱ्याच्या इतर त्वचेपेक्षा बरीच पातळ असते, तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेल स्रवणाऱ्या ग्रंथी जवळजवळ नसल्यासारख्याच असतात, त्यामुळे त्या भागातील पाणी झपाट्याने उडून जाते. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि पारा ४५ अंशांना भिडतो, तेव्हा याच ओठांवर पापुद्रे धरतात, उभ्या रेषा खोल होतात आणि वरच्या ओठाची कड धूसर होते. ओठाचा भरदारपणा डोळ्यांना जाणवतो तो बऱ्याच अंशी त्यावर पडलेल्या उजेडाच्या चमकेमुळे. खरबरीत पृष्ठभागावर ती चमक उमटत नाही आणि ओठ आहे त्याहून बारीक भासतो. त्यामुळे मे महिन्यात आरशात पाहून 'माझे ओठ पातळ आहेत' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

डबीतले उपाय

घरगुती उपायांमध्ये तूप, लोणी, साय, खोबरेल तेल, मध आणि ग्लिसरीन यांची नावे नेहमी निघतात, आणि त्यांना सरसकट एका रांगेत बसवणे योग्य नाही. तूप, खोबरेल आणि पेट्रोलियम जेली ओठावर थर धरून आतले पाणी बाहेर जाऊ देत नाहीत. या तिघांत जेली सर्वांत प्रभावी आहे, कारण तिचा थर अधिक घट्ट बसतो, तिला वास नाही आणि तिची ॲलर्जी अगदी क्वचित होते. तूप वाईट नाही. ते लवकर पुसले जाते आणि जेवताना पोटात जाते, एवढेच. मध आणि ग्लिसरीन यांचे काम वेगळे आहे. ती पाणी खेचून धरतात, पण हवा कोरडी असेल तर ते पाणी हवेतून न येता त्वचेच्या खालच्या थरांतून येते आणि तिथूनही उडून जाते. म्हणून नुसते ग्लिसरीन मुंबईच्या दमट हवेत जसे मानवते तसे नागपूरच्या उन्हाळ्यात मानवत नाही. ते लावायचेच असेल तर ओलसर ओठांवर लावून वरून जेलीचा थर द्यावा.

बाजारातील लिप बाम निवडताना थंडगार किंवा चुरचुरीत वाटणारा बाम टाळावा. मेंथॉल, कापूर, निलगिरी, दालचिनी, तीव्र सुगंध किंवा चव असलेले बाम क्षणभर बरे वाटतात, पण संवेदनशील ओठांची आग वाढवतात, मग माणूस पुन्हा बाम लावतो आणि हे चक्र सुरूच राहते. लिंबाची फोड किंवा संत्र्याची साल ओठांवर चोळण्याचा सल्लाही, संत्रानगरीत राहत असलो तरी, बाजूला ठेवावा. त्यातील आम्ल आणि सालीतील तेल फुटलेल्या त्वचेला झोंबते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास काळे डागही पडू शकतात. साखरेने ओठ घासण्याविषयीही तेच म्हणता येईल. पापुद्रे सुटून येण्याची वाट पाहावी, ते ओरबाडू नयेत.

दिवसा बाहेर पडणाऱ्यांसाठी एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचे माप) ३० किंवा त्याहून अधिक असलेला बाम हा साध्या जेलीपेक्षा सरस पर्याय आहे. खालच्या ओठावर ऊन थेट पडते आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिथली त्वचा कायमची खरखरीत व पांढुरकी होऊ शकते, जी पुढे कर्करोगाकडेही वळू शकते. आपल्याकडे दुचाकीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळण्याची पद्धत आहे, तिचा या बाबतीत खरोखर फायदा होतो. मात्र दुपट्टा बाम पुसूनही टाकतो, म्हणून उतरल्यावर तो पुन्हा लावावा, आणि उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी.

रात्रीचा एक लहानसा मुद्दा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हवेत ओलावा सोडतो, तर एसी तो काढून घेतो. कूलरवरून एसीवर गेलेल्या घरांत सकाळी ओठ सुकलेले असतात, आणि तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांचे तर हमखास. अशांनी झोपताना जेलीचा जाडसर थर लावावा. ओठ चाटण्याची सवय असेल तर ती मोडल्याखेरीज कोणतीही डबी उपयोगी पडत नाही, कारण लाळ उडून जाताना ओठांचा ओलावा नेते आणि तिच्यातील पाचक द्रव्ये त्वचेला आणखी चिडवतात.

ही निगा तीन आठवडे नेटाने घेतल्यावर बहुतेकांचे ओठ मऊ आणि थोडे भरलेले दिसू लागतात. तसे झाले नाही तर कारण अन्यत्र शोधावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडणे जवळजवळ अटळ असते. ओठांचे कोपरे चिरत असतील तर लोहाची किंवा ब गटातील जीवनसत्त्वांची कमतरता, बुरशीचा संसर्ग, नाही तर नीट न बसणारी कवळी यांपैकी काही असू शकते. भरपूर पाणी प्यावे हे खरेच, पण पाणी प्याल्याने फुटलेला ओठ बरा होतो ही समजूत खरी नाही.

एका संध्याकाळपुरते

काही तासांचाच प्रश्न असेल तर मेकअप आणि 'प्लम्पर' ग्लॉस असे दोन मार्ग उरतात, आणि त्यांत मेकअप निर्विवाद पुढे आहे. ओठांच्याच रंगाच्या लायनरने नैसर्गिक कडेच्या किंचित बाहेर रेघ ओढावी, आत फिकट छटा भरावी आणि खालच्या ओठाच्या मध्यभागी ग्लॉसचा ठिपका द्यावा. गडद मॅट रंगाने ओठ लहान दिसतात आणि मॅट लिक्विड लिपस्टिक ओठ वाळवतेही. प्लम्पर ग्लॉसमध्ये बहुधा मिरचीतील कॅप्सेसिन, दालचिनी, आले किंवा मेंथॉल यांसारखे घटक असतात. ओठांची आग होऊन रक्तपुरवठा वाढतो आणि किंचित सूज येते, तिलाच भरदारपणा म्हणायचे. तासा-दोन तासांत ती उतरते. निरोगी ओठांवर एखादे वेळी लावल्याने मोठे नुकसान होत नाही, पण आधीच उन्हाने फुटलेल्या ओठांवर मिरचीचा अर्क लावण्यात शहाणपण नाही. हवेच्या दाबाने ओठ ओढून फुगवणारी यंत्रे तर विकतच घेऊ नयेत. २०१५ मध्ये समाजमाध्यमांवर पेल्याने ओठ ओढण्याची जी लाट आली होती, तिच्यात अनेकांच्या ओठांवर आणि हनुवटीवर रक्त साकळून निळे-काळे डाग पडले होते.

सुई : फिलर की बोटॉक्स

ओठ खरोखर पातळ असतील, वयामुळे आकसले असतील किंवा दोन बाजूंत फरक असेल, तर डबी आणि लिपस्टिक यांची मर्यादा मान्य करावी लागते. अशा वेळी फिलरचा विचार करणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण काय विकत घेतो आहोत हे नेमके कळले पाहिजे.

आज वापरले जाणारे बहुतेक फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचे असतात. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो आणि पाणी धरून ठेवतो. पहिल्या वेळी साधारण अर्धा ते एक मिलिलीटर पुरतो, परिणाम लगेच दिसतो, दोन-तीन दिवस सूज राहते आणि खरा आकार सुमारे दोन आठवड्यांनी समजतो. टिकण्याचा काळ साधारण सहा ते बारा महिने, म्हणजे तोच आकार राखायचा तर खर्च वर्षाला एकदा किंवा दोनदा करावा लागेल. दवाखान्याच्या दरपत्रकावरील आकडा एका वेळचा असतो. निर्णय घेताना पुढच्या तीन वर्षांचा हिशेब मांडून पाहावा.

या फिलरची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तो हायल्युरोनिडेज या विकराने विरघळवता येतो. सिलिकॉनसारख्या कायमस्वरूपी पदार्थांना ही सोय नाही आणि त्यांच्या गाठी वर्षांनंतरही त्रास देऊ शकतात, म्हणून 'एकदाच करा, आयुष्यभर निश्चिंत राहा' असे सांगणाऱ्याकडे जाऊ नये. जोखमीची बाजूही लहान नाही. निळे डाग, गाठी, ओठांवरील हर्पिस या विषाणूचे फोड पुन्हा उसळणे हे त्रास तुलनेने सौम्य आहेत. क्वचित घडणारा पण गंभीर प्रकार म्हणजे फिलर रक्तवाहिनीत शिरून रक्तपुरवठा तुटणे. त्वचा एकदम पांढरी पडली, त्यावर निळसर जाळी दिसू लागली किंवा असह्य वेदना सुरू झाली, तर तासाभराचाही उशीर महाग पडतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न दराचा नसून हायल्युरोनिडेज दवाखान्यात तयार आहे का, हा असावा. सुईशिवाय दाबाने फिलर घुसवणाऱ्या 'पेन'विषयी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे. पार्लरमध्ये असे पेन दिसले तर परत फिरावे. गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांनी फिलर पुढे ढकलणेच योग्य.

बोटॉक्सचा 'लिप फ्लिप' हा फिलरचा स्वस्त भाऊ असल्यासारखा विकला जातो, पण त्याचे काम निराळे आहे. ओठाभोवतीच्या स्नायूत अगदी थोडी मात्रा टोचल्यावर तो सैल पडतो आणि वरचा ओठ किंचित बाहेर वळतो. ओठात भर काहीच पडत नाही. हसताना ज्यांचा वरचा ओठ आत जाऊन हिरड्या दिसतात त्यांना हा उपाय चांगला लागू पडतो, इतरांना फरक जाणवेलच असे नाही. परिणाम दोन-तीन महिन्यांचा, खर्च फिलरपेक्षा कमी, आणि तेवढ्या काळात स्ट्रॉने उसाचा रस पिणे किंवा शिट्टी वाजवणे अवघड जाऊ शकते. बोटॉक्स विरघळवून टाकेल असे औषध उपलब्ध नाही; तो उतरण्याची वाटच पाहावी लागते. नाकाखालची त्वचा कापून वरचा ओठ उचलणारी शस्त्रक्रिया कायमची असते आणि व्रणही कायमचा असतो, तेव्हा ती शेवटी आणि अनुभवी प्लास्टिक सर्जनकडेच.

साठी ओलांडलेल्यांसाठी एक वेगळा मुद्दा आहे. समोरचे दात पडले की ओठांचा आतला आधार जातो आणि ते आत बसतात. अशा वेळी नीट बसवलेली कवळी जे काम करते ते कोणतेही फिलर करू शकत नाही, आणि नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात ती खासगी दरापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते.

रंग

ओठ भरदार हवेत म्हणून आलेल्या पुष्कळांची खरी तक्रार ओठ काळवंडल्याची असते, आणि फिलर रंग बदलत नाही. 'लिप ब्लश' नावाने होणारे गोंदण रंग आणि कड दोन्ही देते, दोन वर्षांच्या आसपास टिकते, पण सावळ्या ओठांवर काही रंग कालांतराने राखाडी दिसू लागतात आणि ते काढणे सोपे नसते. सुई निर्जंतुक नसेल तर संसर्गाचा धोका वेगळाच. लेझरने काळेपणा कमी होऊ शकतो, मात्र कारण चालू राहिले तर तो परततो. विदर्भात ते कारण अनेकदा सिगारेट किंवा खर्रा (सुपारी-तंबाखूचे चघळायचे मिश्रण) हेच असते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पानठेल्यावरचा खर्रा तोंडाची आतली त्वचा ताठर करीत राहतो, पुढे तोंड उघडेनासे होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. खर्रा खाणाऱ्याने ओठांवर हजारो रुपये खर्च करण्याआधी दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे.

लग्नाची तारीख ठरली असेल तर

मे महिन्यातील मुहूर्त असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच जेली आणि एसपीएफ बाम सुरू करावा. त्यानंतरही फिलर हवासा वाटला तर तो लग्नाच्या किमान चार आठवडे आधी, त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडून घ्यावा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील त्यांचा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. पहिल्या वेळी अर्ध्या मिलिलीटरवर थांबावे, कारण वाढवणे पंधरा दिवसांनी शक्य असते. फिलरनंतरचे दोन दिवस उन्हात फिरू नये, म्हणजे बर्डीच्या बाजारातली खरेदी आधीच उरकलेली बरी. पूर्वी कधी ओठांवर हर्पिसचे फोड आले असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. डॉक्टर त्यासाठी आधीपासून गोळ्या सुरू करतात. आणि लग्नाला आठवडाच उरला असेल तर सुईचा विषय हनिमूननंतर काढावा, तोवर लायनर आणि ग्लॉस पुरेसे आहेत.