बातमीची जुनी प्रत शोधताना: वेब आर्काइव्ह सेवा काही महिने रोज वापरल्यावर

बातम्यांची पडताळणी हे माझं रोजचं काम. त्यामुळे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवून ठेवणारं वेबॅक मशीन दिवसभर एका टॅबमध्ये उघडंच असतं, आणि तिथे काम अडलं की तशीच दुसरी सेवा, आर्काइव्ह डॉट टुडे. दोन्हींबद्दल माझी मतं आता बऱ्यापैकी पक्की झाली आहेत.

वेबॅक मशीन इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा संस्थेचं. संस्था १९९६ ची, पण हा साठा सगळ्यांसाठी खुला झाला २००१ मध्ये. पानाचा पत्ता टाकला की त्याच्या प्रती कोणकोणत्या दिवशी घेतल्या ते दाखवणारं कॅलेंडर येतं. निळा गोल म्हणजे पान नीट जतन झालंय, हिरवा म्हणजे ते दुसऱ्या पत्त्यावर नेतंय, नारिंगी आणि लाल म्हणजे जतन करतानाच अडचण आली होती. एवढं कळलं की निम्मा वेळ वाचतो. प्रत्येक प्रतीच्या लिंकमध्ये चौदा आकडे असतात, वर्षापासून सेकंदापर्यंत. ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, स्थानिक नव्हे. ‘बातमी आधी कुणी दिली’ या वादात हे विसरून चालत नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वेबॅकमधलं ‘चेंजेस’ हे साधन. दोन प्रती शेजारी ठेवल्या की काढलेला मजकूर पिवळा दिसतो, नवा घातलेला निळा. एका बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदातलं अधिकाऱ्याचं विधान संध्याकाळपर्यंत नाहीसं झालं होतं. खाली दुरुस्तीची ओळ नव्हती आणि प्रकाशनाची वेळ सकाळचीच राहिली होती. दोन प्रती समोर नसत्या तर हे सिद्ध करणं अशक्यच होतं. गुपचूप बदल करणाऱ्या संपादकांवर एवढा वचक हवाच.

उणिवाही आहेत. लाइव्ह ब्लॉग, व्हिडिओ, स्क्रोल केल्यावर उलगडत जाणारी पानं बरेचदा अर्धवट जतन होतात. शिवाय एकाच प्रतीत मजकूर एका दिवसाचा आणि फोटो भलत्याच दिवसाचा असू शकतो. म्हणून फोटोवर काही ठरवायचं असेल तर त्याची वेळ मी वेगळी तपासते.

आर्काइव्ह डॉट टुडे २०१२ पासून आहे. पान झटपट आणि दिसतं तसं उतरवतं, सोबत स्क्रीनशॉटही ठेवतं. पण ते चालवतं कोण, हे उघड नाही. ज्याचा मालक माहीत नाही त्या प्रतीला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं? मी तिला एकटीला कधीच धरत नाही. त्यातून या सेवेचा मोठा वापर होतो तो पेवॉल, म्हणजे वर्गणी भरल्याशिवाय बातमी न उघडणारी अडवणूक, ओलांडून फुकट वाचायला. हे मला मनापासून खटकतं. वार्ताहराचा पगार त्याच वर्गणीतून निघतो, आणि या चोरवाटेचा राग निघतो तो सरसकट सगळ्या आर्काइव्हवर.

त्यात आता एआयची भर. एआय कंपन्या आर्काइव्हमधून मजकूर उचलतील या धास्तीने न्यूयॉर्क टाइम्सने इंटरनेट आर्काइव्हच्या बॉटला, म्हणजे पानांच्या प्रती आपोआप घेणाऱ्या प्रोग्रामला, मज्जाव केला, गार्डियननेही हात आखडता घेतला. प्रकाशकांची चिंता खोटी नाही, पण उपाय चुकीचा आहे. ज्या दिवसांच्या प्रती घेतल्याच गेल्या नाहीत, त्या नंतर कुणालाही घेता येणार नाहीत.

आणि वृत्तसंस्था स्वतःचं जुनं काम सांभाळतीलच असंही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीएनएइन्फो आणि गॉथमिस्ट या अमेरिकेतल्या स्थानिक बातम्यांच्या साइट मालकाने एका दिवसात बंद केल्या, तेव्हा वार्ताहरांच्या जुन्या बातम्यांच्या लिंकवर काही काळ फक्त मालकाचं पत्र उघडत होतं. जून २०२४ मध्ये एमटीव्ही न्यूजचा वर्षानुवर्षांचा मजकूर साइटवरून गेला. त्यातला बराचसा आज वाचता येतो तो वेबॅकमुळेच. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती.

मात्र सगळी भिस्त एकाच संस्थेवर ठेवणं धोक्याचं आहे. ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यात इंटरनेट आर्काइव्हच्या ३.१ कोटी खात्यांची माहिती फुटली आणि सेवा काही दिवस बंद राहिली. तेव्हापासून मी महत्त्वाचं पान वेबॅकवर ‘सेव्ह पेज नाऊ’ने टाकते आणि आर्काइव्हवेब डॉट पेज या ब्राउझर एक्स्टेन्शनने त्याची प्रत स्वतःच्या डिस्कवरही घेते. डिस्कवरची प्रत जास्त पूर्ण असते, लॉगिनमागचं पानही त्यात येतं. पण वाद झाला की समोरचा माझ्या डिस्कवर विश्वास का ठेवेल? तिथे त्रयस्थाकडची, तारीखवेळ असलेली प्रतच लागते. म्हणून रोजच्या कामासाठी माझी पहिली पसंती वेबॅकलाच, आणि जमेल तेव्हा त्यांना देणगीही देते.