पुढे एक चेनरिंग की दोन? गिअर मोजण्याआधी दाते मोजा

"किती गिअरची आहे?" नवी सायकल दिसली की पहिला प्रश्न हाच. बावीस म्हटलं की समोरच्याच्या भुवया उंचावतात, बारा म्हटलं की "एवढेच?" म्हणून आपल्यालाच अपराधी वाटायला लावतात. तर या बावीसांतले खरे किती, ते आधी पाहू.

पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकत्या, आहेत आणि मागच्या चाकाला अकरा चक्र्यांचा संच, म्हणजे कॅसेट: ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागलं की पायडलच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरतं ते कळतं. ५० भागिले २५ म्हणजे २. ३४ भागिले १७ म्हणजेही २. चेन दोन वेगळ्या जागी, पण गिअर एकच! ५०/१९ आणि ३४/१३ यांतला फरक पायाला कळणारही नाही, ५०/३४ आणि ३४/२३ चंही तेच. शिवाय मोठीवर मोठी आणि लहानीवर लहानी अशा जोड्यांत चेन इतकी तिरकी जाते की तिथे कुणी फार वेळ राहत नाही. बावीसांतून कामाचे उरतात चौदा-पंधरा. बारा गिअरवाल्याने ओशाळायचं काहीच कारण नाही.

पल्ला म्हणजे सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या किती पट, याचाही हिशेब सरळ आहे. वरच्या जोडीत तो सुमारे ४५५ टक्के. पुढे एकच ४० ची चेनरिंग आणि मागे ११-४२ असेल तर साधारण ३८२. पण मागे १०-५१ ची कॅसेट आली की ५१०, मग पुढे कितीही दाते असोत. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने माउंटन बाइकसाठी एका चेनरिंगचा संच १०-४२ कॅसेटसह आणला, २०१६ मध्ये बारा चक्र्या आणि १०-५० आलं, आणि "एका चेनरिंगला चढ जमत नाही" हे म्हणणं मागे पडलं.

खरी मेख पल्ल्यात नाही, दोन गिअरमधल्या अंतरात आहे. दुकानात चक्कर मारून ती कळत नाही, तासभर समोरून वारा खाल्ल्यावर कळते. शिमानो कंपनीची १०-५१ कॅसेट अशी जाते: १०-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३३-३९-४५-५१. समजा तुम्ही २१ वर आहात, पाय मिनिटाला ९० फेऱ्या मारतायत आणि वाटतंय की जरा हलकं होतंय. एक क्लिक केलं, १८ वर आलात. वेग तोच राहिला तर फेऱ्या थेट ७७ वर. हे फार जड, आधीचं फार हलकं, आणि मधलं काही नाहीच. दोन चेनरिंगच्या कॅसेटवर २३ वरून २१ वर आलात तर ९० चे ८२ होतात. सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटर, त्यात चार जणांच्या मागे एका वेगाने जायचं असेल, तर हा फरक गुडघ्यांना कळतो.

हेच मोठं अंतर मातीच्या वाटेवर गुण ठरतं. वळण घेतलं आणि समोर अचानक भिंतीसारखा चढ. तिथे एका क्लिकला भरपूर हलकं व्हायलाच हवं. दोन चेनरिंगवर अशा वेळी ५० वरून ३४ वर उडी मारली की पायाखालचा जोर एकदम तिसऱ्या हिश्शाने कमी होतो, पाय हवेत भिरभिरतात आणि सावरायला मागे दोन-तीन क्लिक करावे लागतात. ऐन चढावर, पायात पूर्ण जोर असताना मी एकदा उशिरा पुढचा गिअर पाडला. चेन क्रँक (पायडलचा दांडा) आणि फ्रेमच्या मध्ये जाऊन अडकली. काळी बोटं, फ्रेमवर ओरखडा, आणि तिथून पुन्हा निघायला वेगही नाही.

एका चेनरिंगला एक आड एक रुंद-अरुंद दाते असतात आणि मागच्या डिरेलरमधला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) क्लच चेन ताणून धरतो, म्हणून ती सहसा पडत नाही. सहसा! २०२३ च्या जिरो द'इटालिया या इटलीतल्या मोठ्या शर्यतीत, मोंते लुसारीच्या चढाच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्धचा टप्पा) सायकलपटू प्रिमोझ रोग्लिच एकाच चेनरिंगवर होता आणि त्याची चेन पडलीच. तरी तो टप्पा जिंकला आणि शर्यतही, अवघ्या १४ सेकंदांनी.

झिजेबद्दल थोडक्यात. एका चेनरिंगवर सर्वांत मोठ्या चक्रीला चेन बरीच तिरकी जाते, आणि चढावर आपला जोर नेमका तिथेच लागतो. सगळा भार एकाच चेनरिंगवर, आणि मोठी कॅसेट बदलताना खिशालाही जाणवते. चेन ०.५ टक्का लांबली की बदलत गेलात तर बाकीचं टिकतं. उलट बाजूला पुढचा डिरेलर, त्याची केबल, त्यात अडकणारा चिखल आणि दर काही महिन्यांनी करावी लागणारी जुळवाजुळव हे सगळं वजा.

तीन चेनरिंगला हसू नका. ४८-३६-२६ आणि मागे ११-३४ असेल तर पल्ला ५७० टक्क्यांच्या घरात जातो, तोही अंतरं लहान ठेवून. सामान लादून डोंगर चढणाऱ्याला तासाला सहा किलोमीटरच्या आतही पायडल फिरवत राहता येतं. सामान नसेल तर मात्र ती तिसरी रिंग नुसती वाहायची.

माझा कौल: डांबरी रस्ता आणि लांबचा प्रवास असेल तर दोन, माती, दगड आणि चिखल असेल तर एक. दोन्ही थोडं थोडं असेल तर मी दोनच घेईन, कारण दोनाचं एक करता येतं. त्यासाठी रुंद-अरुंद दात्यांची चेनरिंग आणि क्लचवाला डिरेलर लागेल, आणि तो डिरेलर किती दात्यांपर्यंत चालतो ते आधी पाहावं लागेल. एकाचं दोन करायला मात्र फ्रेमवर पुढचा डिरेलर बसवायची जागाच बऱ्याचदा नसते.

तरीही ठरत नसेल तर आत्ताच्या सायकलची कॅसेट पुसून उजेडात धरा. मधल्या शेजारशेजारच्या तीन-चार चक्र्या घासून चकचकीत झाल्या असतील तर तुम्ही बारीक अंतरं शोधणारे आहात, दोन घ्या. दोन्ही टोकं चकाकतायत आणि मधल्या काळपट आहेत? मग एक पुरे.