पाणकणसाची पराग-पूड: स्विर्स्की कोळ्याला पोसायला कितपत कामाची?

फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यावर अँब्लीसियस स्विर्स्की हा परभक्षी कोळी (किडी खाणारा सूक्ष्म माइट) सोडतात तेव्हा पिकात कीड अजून फारशी नसते. खायला मिळालं नाही की मादी अंडी घालणं थांबवते. ही उपासमार टाळायला पाणकणसाच्या (पाणथळ जागी वाढणाऱ्या टायफाच्या) परागांची पूड मिळते. पिकावर टाकायच्या खाद्यांत आमची पहिली पसंती तिलाच, पण सरसकट नाही.

गुण आधी. तापमान २५ अंशांच्या आसपास असेल तर या परागांवर अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण ५ ते ७ दिवस लागतात आणि मादी दिवसाला दीड-दोन अंडी घालते. पाइनच्या परागांवर हाच कोळी रडतखडत वाढतो, अंडीही जेमतेम. दिसायला दोन्ही पिवळी पूडच. त्यामुळे पाकिटावर वनस्पतीचं नाव नसेल तर ते घेऊच नये. मधमाश्यांनी गोळा केलेले पराग स्वस्तात मिळतात, पण त्यात मकरंद मिसळलेला असतो. ते चिकटतात, पानावर नीट पसरत नाहीत.

मात्रा हेक्टरी ५०० ग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. म्हणजे १००० चौरस मीटरला फक्त ५० ग्रॅम, तेव्हा हाताने भुरभुरून काम होत नाही, छोटा ब्लोअर हवा. पानं कोरडी असतानाच मारायचं. दंव किंवा फवाऱ्याचं पाणी असेल तर गुठळ्या होतात आणि लगेच बुरशी धरते. पूड फ्रीजरमध्ये ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर पाकीट बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. गार पाकीट घाईने फोडलं की हवेतलं बाष्प पुडीवर जमतं आणि सगळा माल ओला.

उपयोग झाला का हे प्रौढ कोळी मोजून कळत नाही. ते तर आपणच सोडलेले असतात. दहापट भिंगातून पानाची खालची बाजू पाहा. मुख्य शिरेतून उपशिरा फुटतात त्या बेचक्यातल्या लवेत लंबगोल, पांढुरकी, अर्धपारदर्शक अंडी दिसली पाहिजेत. गोल मण्यासारखी असतील तर ती लाल कोळ्याची, म्हणजे पिकावरच्या किडीची, आनंद मानू नका. अंडी आहेत पण सुकून चुरमडलेली, असं असेल तर दोष खाद्याचा नसतो. आर्द्रता ६० टक्क्यांखाली गेली की बरीचशी उबतच नाहीत.

पर्यायांपैकी टांगायची पाकिटं सोयीची: कोंड्यात खाद्य-कोळी आणि त्यांवर पोसणारा स्विर्स्की, चार-सहा आठवडे बाहेर येत राहतो. पण बाहेर आल्यावर पानावर काय खाणार, हा प्रश्न उरतोच. कवच काढलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी जीवाची) अंडी चांगली, मात्र कोरड्या हवेत कडक होतात. पतंगाची निर्जीव केलेली अंडी पोषणात तोडीस तोड, पण खर्चाने डोळे पांढरे करतात.

आता कुठे घेऊ नये. फुलावर आलेल्या मिरचीत स्वतःचे पराग मुबलक असतात, तिथे पैसे वाया. टोमॅटोच्या चिकट केसांत स्विर्स्की अडकतो, त्याला खाद्य देऊन फरक पडत नाही. फायटोसियुलस पर्सिमिलिस हा दुसरा परभक्षी कोळी सोडला असेल तर विषयच संपला. तो लाल कोळ्याच्या कुळातल्या किडींवरच जगतो, परागांवर त्याची पिढी वाढत नाही. खरा फायदा हरितगृहातल्या बिनबियांच्या काकडीत, कारण तिच्या मादी फुलांत पराग नसतात.

आणि एक गोम आहे. फुलकिडेही पराग खातात. ते आधीच माजलेले असतील तर ही पूड त्यांच्याही पथ्यावर पडते, म्हणून पहिली मात्रा कोळी सोडताना, फुलकिडे तुरळक असतानाच द्यावी.