कर्जासोबत गळ्यात पडलेला विमा: पैसे परत मागायला कोणतं दार ठोठावायचं?

नाशिकच्या माझ्या मावसबहिणीने फ्लॅटसाठी ४० लाखांचं कर्ज काढलं. बिल्डरला चेक गेला ४० लाखांचाच, पण पहिल्या लोन स्टेटमेंटवर मुद्दल दिसत होतं ४१ लाख ६० हजार. वरचे १ लाख ६० हजार कसले म्हणून शाखेत विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, ते इन्शुरन्सचं. कम्पल्सरी असतं."

नसतं. गहाण पडलेल्या घराचा आगीचा-भूकंपाचा विमा बँक मागू शकते. पण आयुर्विमा घेतल्याशिवाय गृहकर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाचाही नाही. आणि आम्ही दाखवू त्याच कंपनीचा घ्या अशी सक्ती तर बँकेला करताच येत नाही. शिवाय हा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिसळलेला असतो, म्हणजे त्यावरही व्याज चढतं. ९ टक्क्यांनी २० वर्षांचा हिशेब केला तर १ लाख ६० हजारांचा ईएमआय महिना साधारण १,४४० रुपये पडतो आणि शेवटपर्यंत खिशातून जवळपास ३ लाख ४५ हजार जातात.

ब्रिटनमध्ये याच प्रकारच्या, कर्जाबरोबर गळ्यात मारलेल्या विम्याला पीपीआय (पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स) म्हणत. तिथल्या बँकांनी ग्राहकांना ३८ अब्ज पौंडांच्या आसपास परत केले आणि दाव्यांची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. आपल्याकडे असं एकगठ्ठा काही झालेलं नाही. ज्याने त्याने आपापलं भांडायचं. भांडायला चार-पाच दारं आहेत, आणि कुठलं उघडेल हे रागावर नाही, तारखेवर ठरतं.

आधी हे बघा: विमा नकोच आहे का?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. वय पस्तिशीच्या आत, तब्येत ठणठणीत, तर वेगळी टर्म पॉलिसी बहुतेक वेळा स्वस्त पडते. तिचं संरक्षण कर्जाबरोबर घटत नाही, कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी ती चालू राहते आणि पैसे आधी बँकेच्या नव्हे, घरच्यांच्या हातात येतात. कर्जाबरोबरच्या विम्यात संरक्षण सहसा वर्षागणिक कमी होत जातं. पण वय पन्नाशीपुढे असेल, साखर-बीपी असेल आणि नवी टर्म पॉलिसी मिळायची खात्री नसेल, तर फसवून का होईना गळ्यात पडलेला हा विमा ठेवलेला बरा. फक्त त्याच्या आरोग्य घोषणापत्रात आपला आजार लिहिलेला आहे ना, हे बघा. नसेल तर क्लेमच्या वेळी तोच कागद आपल्या घरच्यांवर उलटेल.

नोकरी गेली किंवा गंभीर आजार झाला तर हप्ते भरू असं सांगून विकलेली पॉलिसी वेगळी. ती जनरल इन्शुरन्स कंपनीची असते. कर्ज २० वर्षांचं आणि ती पाचच वर्षांची, हे दृश्य फार नेहमीचं. मी असली पॉलिसी ठेवणार नाही.

३० दिवसांच्या आत असाल तर

मग बाकी काही वाचू नका. फ्री-लूक वापरा, म्हणजे नको असलेली पॉलिसी ठरलेल्या मुदतीत परत करायची सोय. इर्डाच्या २०२४ च्या नियमांनी ही मुदत १५ वरून ३० दिवस केली आणि ती पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून मोजतात. ईमेलवर आला असेल तर ईमेलच्या तारखेपासून, मग तो प्रमोशन्समध्ये पडून राहिलेला का असेना. फसवलं हे सिद्ध करावं लागत नाही. जितके दिवस संरक्षण होतं त्याचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढं कापून बाकी परत मिळतं. बँकेच्या मास्टर पॉलिसीखालचं (सगळ्या कर्जदारांसाठी मिळून घेतलेल्या एकाच पॉलिसीचं) नुसतं प्रमाणपत्र मिळालं असेल तर त्यावर फ्री-लूकचं कलम शोधा. बहुतेक प्रमाणपत्रांवर छापलेलं असतं.

सापळा एकच, आणि बहीण त्यात जवळजवळ अडकलीच होती. रिलेशनशिप मॅनेजर म्हणाला, "तुमची रिक्वेस्ट टाकलीय, प्रोसेसमध्ये आहे." एक आठवडा गेला, मग दुसरा, मग तिसरा. टाकली कुठे होती कोण जाणे. अठ्ठाविसाव्या दिवशी रात्री आम्ही विमा कंपनीच्या ग्राहकसेवेच्या पत्त्यावर थेट ईमेल केला, प्रमाणपत्र क्रमांकासह, बँकेला प्रत जोडून. दोन मिनिटांत तक्रार क्रमांक आला. फ्री-लूकचा अर्ज विमा कंपनीकडे जातो. शाखेतल्या माणसाला तोंडी सांगितल्याची पोच कुणी देत नाही.

मुदत टळली असेल तर

इथे लोक दोन टोकं गाठतात. एक, "जाऊ दे, सरेंडर करून टाक". दुसरं, "कोर्टातच खेचतो". दोन्ही घाईचे.

सरेंडर म्हणजे स्वतःहून पॉलिसी मोडणं. एकरकमी प्रीमियमच्या पॉलिसीत काहीतरी परत मिळतं, पण मिळेल ते उरलेल्या काळापुरतं आणि कापून. कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, तर हाच रास्त रस्ता. फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज मुदतीआधी बंद करायचं पत्र, घेताना विम्याचं विसरतात आणि पैसे तसेच पडून राहतात. पण विकतानाच खोटं सांगितलं होतं असं तुमचं म्हणणं असेल, तर सरेंडरचा अर्ज आधी करू नका. स्वेच्छेने मोडली म्हटल्यावर पूर्ण परताव्याचा मुद्दा लंगडा पडतो.

माझा कौल विमा लोकपालाला, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याला. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर थांबायचं. नकार आला, उत्तर पटलं नाही किंवा उत्तरच आलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचं. फी नाही. वकील लागत नाही. खरं तर वकील चालतच नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, त्यामुळे कर्जविम्याचं जवळपास प्रत्येक प्रकरण बसतं, गटविमाही चालतो. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिला ३० दिवसांत पाळावा लागतो; तुमच्यावर मात्र बंधनकारक नाही, पटला नाही तर पुढे जाता येतं. 'पॉलिसी बँकेने विकली, आमचा काय संबंध' हे विमा कंपनीचं ठरलेलं वाक्य. घाबरू नका. बँक तिथे बहुतेक वेळा कंपनीचीच एजंट असते.

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल कधी? तक्रार विम्याच्या अटींपेक्षा बँकेच्या वागणुकीची असेल तेव्हा: संमतीशिवाय रक्कम कर्जात चढवली, 'विमा नाही तर मंजुरी नाही' असा मेसेज आला, किंवा केएफएसमध्ये विम्याची ओळच नाही. हा केएफएस म्हणजे कर्जाचं मुख्य तथ्यपत्रक. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना तो सक्तीचा आहे आणि त्यात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विम्याचे पैसे बँक गोळा करत असेल तर ते कर्जाच्या वार्षिक खर्चाच्या दरातही (एपीआर) धरावे लागतात. माझ्या मते अलीकडच्या कर्जदारांच्या हातातलं हे सगळ्यात धारदार हत्यार, आणि बहुतेकांनी तो कागद सही करून फाइलमध्ये गाडलेला असतो. इथेही आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट आणि मग ऑनलाइन अर्ज; फी नाही. मात्र कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर ही तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. नावात 'होम' किंवा 'हाउसिंग' असेल तर मंजुरीपत्राचं लेटरहेड नीट वाचा, नाहीतर एक महिना फुकट जाईल.

एकच मागणी दोन्ही लोकपालांकडे एकाच वेळी लावू नका. प्रीमियम हवा असेल तर विमा लोकपाल, बँकेने हातचलाखी केली असेल तर रिझर्व्ह बँक.

ग्राहक आयोग शेवटी का

आयोग वाईट म्हणून नाही. प्रीमियमबरोबर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च असं सगळं एकत्र मागता येतं आणि बँक व विमा कंपनी दोघांनाही प्रतिवादी करता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोबदला, म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण तारखा पडतात. प्रतिवादीचा वकील मुदत मागतो, तुम्ही कामावरून रजा टाकता.

क्रमही महत्त्वाचा. लोकपालाकडून आयोगाकडे जाता येतं, पण आयोगात प्रकरण चालू असताना किंवा त्याचा निकाल लागल्यावर लोकपाल त्याला हात लावत नाही. आणि आयोगाची दोन वर्षांची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. तुम्ही लोकपालाची वाट बघताय म्हणून ती थांबेल अशा भरवशावर राहू नका. वीस-बावीस महिने उलटून गेले असतील तर माझा कौल फिरतो: सरळ आयोग.

परतावा मिळवून देतो, त्यातले २०-३० टक्के द्या, असं म्हणणारे एजंट भेटतील. यातल्या एकाही दारावर मध्यस्थ लागत नाही.

पुरावा कुठे असतो

लोक म्हणतात, 'सगळं तोंडी झालं'. फोन उघडून बघा. 'इन्शुरन्सच्या संमतीसाठी ओटीपी' असा मेसेज सापडतो आणि त्याच मिनिटाला मॅनेजरचा 'कर्जाचा ओटीपी सांगा' असा कॉल. विमा कंपनीकडे प्रस्ताव-अर्जाची प्रत आणि पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंग लेखी मागा. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या अर्जात मधुमेहापुढे 'नाही'वर टिक होती. काका बारा वर्षं गोळ्या घेताहेत आणि त्यांचं केसपेपर तारखेसह हजर. अर्ज दुसऱ्याच कुणी भरला हे दाखवायला त्या एका चौकोनाने जे केलं ते दहा पानी कैफियतीने झालं नसतं. मात्र विमा कंपनीच्या त्या पडताळणी कॉलवर 'विम्याची सक्ती झाली का' या प्रश्नाला तुम्ही घाईत 'नाही' म्हणाला असाल, तर ते तक्रारीत आधीच सांगून टाका.

बहिणीचे पैसे आले, थोडे कापून, पण थेट कर्जखात्यात. ती खूश, ईमेलला उत्तर म्हणून हात जोडलेली इमोजी पाठवून मोकळी झाली. पुढच्या महिन्यात ईएमआय तोच कापला गेला. मुद्दल कमी झालं म्हणून बँक हप्ता आपोआप कमी करत नाही. परतफेडीचा नवा तक्ता आणि मधल्या दिवसांचं विम्याच्या रकमेवरचं व्याज असं दोन्ही वेगळ्या पत्राने मागितलं, तेव्हा कुठे हप्ता साधारण चौदाशे रुपयांनी उतरला. व्याजाचं पत्र अजून 'प्रोसेसमध्ये' आहे.