वंडर इयर्सचा पत्र्याचा लॉकर: २६ डिस्क, आणि गाणी (जवळपास) जशीच्या तशी

आधीच सांगतो, 'द वंडर इयर्स' या अमेरिकन टीव्ही मालिकेचा हा डीव्हीडी बॉक्स मी विकत घेतलेला नाही. आतेबहीण न्यू जर्सीला असते, ती गेल्या दिवाळीत येताना घेऊन आली आणि अजून ऐकवते की तुझ्या त्या डब्यापायी माझे बदाम तिकडेच राहिले. डबा म्हणजे खरंच डबा आहे हो, अमेरिकन शाळेत पोरांना कपाट असतं ना तसला छोटा पत्र्याचा लॉकर, दार उघडलं की आत वह्यांसारखी दोन बाडं आणि त्यांच्या पानापानांत डिस्क, एकूण २६. सोबत शाळेचं खोटं इयरबुक, त्यात कलाकारांच्या सह्या छापलेल्या, आणि दाराला चिकटवायला मॅग्नेट. दिसायला भारी, ठेवायला कटकट. आमच्या टीव्हीखाली मावेना म्हणून बाडं बाहेर काढली आणि लॉकरमध्ये आता बायको लाइटची बिलं टाकते.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, 'द वंडर इयर्स', १९८८ ते १९९३, अमेरिकेत एबीसी चॅनेलवर, ११५ भाग. केव्हिन अर्नोल्ड नावाचा पोरगा, त्याच गल्लीतली विनी कूपर, चष्मेवाला दोस्त पॉल, काळ १९६८ पासून पुढचा, आणि मोठा झालेला केव्हिन मागून गोष्ट सांगतोय. आम्ही डोंबिवलीत नव्वदीत केबलवर बघायचो, अर्धे जोक डोक्यावरून जायचे, पण बाप ऑफिसातून वैतागून आला की अख्खं घर चिडीचूप होतं हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता मुद्दा. मालिका संपली १९९३ ला, आणि पूर्ण संच आला २०१४ ला. एकवीस वर्षं! डीव्हीडीचा जमाना आला, भरात आला, उतरायलाही लागला, तेव्हा कुठे हा बॉक्स. मला वाटायचं कंपनीला पडलेली नसेल. तर तसं नव्हतं, घोडं पेंड खात होतं ते गाण्यांपाशी. या मालिकेत त्या काळातली खरीखुरी गाणी आहेत, तीनशेच्या आसपास, आणि बनवली तेव्हाचे करार टीव्हीवर दाखवण्यापुरते, पुढे कुणी अख्खी मालिका घरी कपाटात ठेवायला विकत घेईल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे डीव्हीडी काढायची तर प्रत्येक गाण्याची परवानगी नव्याने. त्यातही एका गाण्याला दोन दरवाजे. टायटलचंच घ्या, जो कॉकर खरखरीत आवाजात 'विथ अ लिटिल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' म्हणतो. गाणं मुळात बीटल्सचं, लेनन-मॅकार्टनीने लिहिलेलं, म्हणजे शब्द आणि चाल याचे हक्क एकाकडे आणि कॉकरचं रेकॉर्डिंग ज्याचं तो दुसरा. दोघं हो म्हणाले तर गाणं, एक जरी अडला तर बसा बोंबलत. आणि हे तीनशे वेळा करायचं. स्ट्रीमिंगवर ही मालिका आधी आली होती, तिथे टायटलला कॉकर नव्हताच, कुणीतरी त्याची नक्कल करून गायलेलं होतं. मी दहा सेकंदांत बंद केलं. म्हणजे लग्नाच्या व्हिडिओत सनई काढून कॅसिओ लावल्यासारखं.

या बॉक्समध्ये कॉकर आहे. पहिली डिस्क टाकली तेव्हा बायको आत पोळ्या करत होती, टायटल लागलं तशी हातात लाटणं घेऊन बाहेर आली आणि संपेपर्यंत तिथेच उभी. पहिल्या भागाचा शेवट ज्यांना आठवतो त्यांना आठवतो, विनीचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धात मारला गेल्याची बातमी येते, केव्हिन तिला शोधत झाडीत जातो, आपलं जॅकेट तिच्या खांद्यावर घालतो आणि मागे पर्सी स्लेजचं 'व्हेन अ मॅन लव्ज अ वूमन' सुरू होतं. तिथे दुसरं काहीतरी ट्यांवट्यांव लावलं असतं तर तो सीन उरलाच नसता. सगळीच्या सगळी गाणी मिळालेली नाहीत हे पण खरं, मोजकी काही बदललेली आहेत, पण मला बघताना कुठे खटकलं नाही.

तुलनेला 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' घ्या. रेडिओ स्टेशनवरचीच मालिका, १९७८ ते ८२, म्हणजे गाणी हाच श्वास. २००७ ला तिचा पहिला सीझन डीव्हीडीवर आला तो भरपूर गाणी बदलून, लोक भडकले, त्या कंपनीने पुढचे सीझन काढलेच नाहीत. मग २०१४ लाच दुसऱ्या कंपनीने बरीचशी गाणी परत मिळवून पूर्ण मालिका आणली. आणि गाणं नुसतं उचलून फेकता येत नाही बरं का, संवाद आणि गाणं एकाच ट्रॅकवर मिसळलेलं असलं तर गाण्याबरोबर संवाद पण जातो, मग तो दुसऱ्याकडून बोलून घ्या, वगैरे लफडी.

चित्र? चित्र ठीक. जरा मऊ दिसतं, मोठ्या टीव्हीवर जास्तच. पण चौकोनी चित्र चौकोनीच ठेवलंय याबद्दल शंभर मार्क. हल्ली जुनी मालिका दिसली की वरून खालून कापून रुंद टीव्हीत कोंबायची फॅशन आहे, 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेत रस्त्यातल्या खड्ड्यावर जोक आहे आणि स्ट्रीमिंगवर कापताना खड्डाच कापला गेला, आता बोला. बाकी चकाचक करायचं तर खर्च किती येतो ते 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'ने दाखवलं. शूटिंग फिल्मवर पण एडिटिंग आणि इफेक्ट व्हिडिओ टेपवर, म्हणून ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राच्या डिस्कसाठी, मूळ निगेटिव्ह शोधून १७८ भाग नव्याने जोडत बसले, इफेक्टसुद्धा परत जुळवले. त्याच्या पुढच्या 'डीप स्पेस नाइन'च्या नशिबात ते अजून नाही. त्यामानाने आपल्याकडच्या एका जुन्या हिंदी मालिकेचा संच मी घेतला होता, कंपनीचं नाव जाऊ दे, चेहरे सगळे ताणून पुरीसारखे केलेले, शेवटची श्रेयनामावली अर्ध्यात तोडलेली आणि कोपऱ्यात कंपनीचा लोगो चोवीस तास. तो संच भाच्याला दिला, त्याने पण परत आणून दिला.

आता भारतात हा लॉकर मागवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. डीव्हीडी कुठल्या देशांत चालेल याचं एक कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात. या डिस्क रीजन १ च्या, म्हणजे अमेरिकेकडच्या आहेत, आणि चित्राची पद्धत तिकडची, एनटीएससी. आपला रीजन ५ आणि आपल्याकडची चित्राची पद्धत पाल (PAL). आमच्या जुन्या ब्रँडेड प्लेअरने डिस्क तोंडात घेतली, फिरवली आणि मेसेज देऊन बाहेर थुंकली. मग माळ्यावरून तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला चायना प्लेअर काढला, तो बिचारा काहीही खातो, रीजन-बिजन विचारत नाही. फक्त तो जुन्या ट्यूबवाल्या टीव्हीला लावला तर चित्र ब्लॅक अँड व्हाइट आणि वरखाली पळतंय, एलसीडीला लावल्यावर रंग आले. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर बघणार असाल तर सांभाळून, रीजन बदलायची मुभा पाचच वेळा असते, नंतर शेवटचा रीजन कायमचा चिकटतो. मी एकदा अमेरिका केलं, मग पोरीच्या शाळेची डिस्क चालेना म्हणून परत भारत, मग परत अमेरिका, असं करत चार झाले.

एक्स्ट्रा मटेरियल ढीगभर आहे, कलाकार सगळे पुन्हा भेटतात ते मी दोनदा बघितलं, बाकीच्या मुलाखती एवढ्या लांब आहेत की रविवार दुपारी लावून डुलकी काढायला बऱ्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा लॉकरसाठी कापला, त्याचं दार आठवड्यातच तिरकं झालं आणि आता बिलं खाली पडतात. चौथ्या सीझनला पोचलोय. ड्राइव्हवर एक चान्स शिल्लक आहे, तो वापरायचा नाही असं पोरीला बजावून ठेवलंय.